मालवण मुलखातील प्रेक्षक आणि त्याची निवड

सिंधुदुर्गात कार्तिकी पौर्णिमा उलटली की संध्याकाळच्या वेळी कोणत्याही तिठ्यावर, दुकानाच्या पायरीवर अथवा मासळीबाजारातून परतणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात जो प्रश्न हमखास कानी येतो तो 'आज खंय नाटक आसा?' हा होय. नाटक म्हणजे कोणते हे विचारण्याची गरज कोणास भासत नाही, कारण या मुलखात त्या दिवसांत नाटक म्हणजे दशावतार. आणि उत्तरादाखल गावाचे नाव कळले की पाठोपाठ दोन पृच्छा होतात, 'कंपनी कोणाची?' आणि 'राजा कोण करता?' एवढ्यावर जावयाचे की नाही हे ठरते. याच घरांतून आज, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, हाती रिमोट अथवा मोबाइल घेऊन चित्रांच्या रांगांमागून रांगा सरकवीत बसलेली, दोन-तीन चित्रपटांची पहिली दहा मिनिटे पाहून ते टाकून दिलेली, आणि अखेरीस काहीच न पाहता दिवा मालवणारी माणसेही दिसतात. पाहण्यासारखे इतके पूर्वी कधीच उपलब्ध नव्हते, आणि पाहण्याजोगे काही सापडत नाही ही तक्रारही इतक्या घरांतून पूर्वी कधी ऐकू आली नव्हती. या दोन गोष्टींची संगती लावावयाची तर या किनाऱ्यावरील प्रेक्षकाचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे, असे मला वाटते. कारण पाहण्याची निवड ही येथे शेकडो वर्षे एकट्या माणसावर कधी सोपविलेलीच नव्हती. ती तिथीने होई, देवाच्या कौलाने होई, गावच्या मानकऱ्यांच्या संमतीने होई, आणि व्यक्तीच्या वाट्याला निखळ पारखण्याचे सुख येई.

हा मुलूख राजकीय दृष्ट्या एकजिनसी कधीच नव्हता. मालवण बंदर १८१२ साली करवीरकरांकडून इंग्रजांकडे गेले. सावंतवाडीचे भोसले आपले संस्थान १९४८ पर्यंत राखून होते. आणि तेरेखोलच्या पलीकडे पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपासून फिरंग्यांच्या अंमलाखाली होता. तीन सरकारे, तीन दप्तरे, तीन तऱ्हेचे जकातनाके. परंतु खेळे करणाऱ्या मंडळींची वहिवाट या हद्दींना फारशी जुमानीत नसे. पुढे १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून विलग होऊन, मालवणच्या समोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ पासून उभारलेल्या जलदुर्गाचे नाव घेऊन जो जिल्हा निर्माण झाला, त्याच्या सीमा कागदावर नव्या होत्या. खेळ पाहणाऱ्यांचा मुलूख त्याहून पुष्कळ जुना होता.

चित्रे एकामागून एक डोळ्यांसमोर येत जावीत आणि त्यांच्या आधारे कथा उलगडत जावी, हा प्रकारदेखील या मातीला यंत्राबरोबर प्रथम भेटला असे नाही. कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर आदिवासी समाजाने जोपासलेली चित्रकथी ही कला पाहावी. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे सुट्या कागदांवर रंगवून, दोन-दोन चित्रे पाठीला पाठ लावून, त्यांची एक पोथी बांधलेली असते. निवेदक खाली बसून एकेक चित्र उभे धरतो, वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीवर त्या प्रसंगाचे पद गातो, मग गद्यात त्याचे विवरण करतो, आणि चित्र बाजूला ठेवून पुढचे उचलतो. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ही कला, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांच्यासह, देवळादेवळांतून नांदली. एका पोथीत एक आख्यान, एका रात्रीस एक पोथी, आणि कोणत्या देवळात कोणत्या दिवशी कोणी हजेरी द्यावयाची याचा शिरस्ता पिढ्यान् पिढ्या ठरलेला. तेव्हा निवेदकापुढे बसणाऱ्या गावकऱ्याने चित्राच्या निवडीबद्दल विचार करावा असा प्रसंगच नव्हता. त्याचे सारे लक्ष समोरच्या चित्रावर, म्हणजे एका बाजूने काढलेल्या रावणाच्या चेहऱ्यातील त्या विस्फारलेल्या डोळ्यावर आणि निवेदकाच्या आवाजावर, एकवटलेले असे. या परंपरेचे वारस परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले, ही गोष्ट या जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी आहे.

दशावताराचे मूळ कोठले याबद्दल एकवाक्यता नाही. श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास हा खेळ कर्नाटकातून कोकणात, राजापूरकडील आडिवऱ्याला आणला, असा एक बहुश्रुत दाखला दिला जातो. कवठीच्या गोरे नामक ब्राह्मणाकडे याचे श्रेय देणारी दुसरी परंपराही आहे. परंतु सतराव्या शतकातच समाधिस्थ झालेल्या समर्थ रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा आणि त्यात स्त्रीवेष घेऊन नाचणाऱ्या पुरुषांचा उल्लेख आढळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे १७२८ ही खेळाच्या जन्माची तारीख मानता येत नाही. माझ्या मते श्यामजी नाईकांची गोष्ट ही खेळाच्या उत्पत्तीची नसून मंडळी बांधून, पेटारा घेऊन, गावोगाव फिरण्याच्या व्यवसायाची गोष्ट असावी. आणि प्रेक्षकाच्या इतिहासाला ही दुसरी गोष्टच अधिक उपयोगी आहे, कारण फिरती मंडळी आली की कोठे, केव्हा आणि कोणासाठी हे प्रश्न आपोआप उपस्थित होतात.

त्यांची व्यवस्था गावरहाटीने लावली. प्रत्येक गावच्या ग्रामदैवताची वार्षिक जत्रा एका ठराविक तिथीस मुक्रर असते. कार्तिकापासून वैशाखापर्यंत या जत्रांची माळ अशी गुंफलेली आहे की मंडळीने आज एका गावचा दहीकाला करावा, उजाडता पेटारा उचलावा, आणि दिवस मावळण्याच्या आत पुढल्या गावची वेस गाठावी. मोचेमाडकर, आजगावकर, वालावलकर, चेंदवणकर, खानोलकर ही मंडळांची नावे म्हणजे मोचेमाड, आजगाव, वालावल, चेंदवण, खानोली या गावांची नावे होत. आणि कोणत्या देवस्थानची जत्रा कोणत्या मंडळाने करावयाची हेही बहुतांशी परंपरेने बांधलेले असे. जत्रेखेरीज नवसाचे नाटक असे; मूल झाले, आजारातून उठले, खटला जिंकला म्हणजे देवाला बोललेला खेळ करून द्यावयाचा, त्याची बिदागी नवस करणाऱ्याने भरावयाची, आणि पाहावयाचा मात्र साऱ्या गावाने. ज्या खेळाचा पहिला प्रेक्षक देव आहे, त्याच्या निवडीचा वाद माणसांत माजत नाही. मालवण तालुक्यात मसुरे गावच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जी विख्यात जत्रा भरते तिला तिथीचेही बंधन नाही. पारधीनंतर देवीला कौल लावून दिवस ठरतो, तो जाहीर झाला की मुंबईतील चाकरमानी रजेचे अर्ज लिहावयास बसतात, आणि लक्षावधी माणसे माळरानावर लोटतात. आचऱ्याचे इनामदार श्री देव रामेश्वर संस्थान रामनवमीचा उत्सव एखाद्या दरबाराप्रमाणे साजरा करते व त्यात नामांकित गवयांच्या मैफली होतात, तेथेही कोणास बोलवावयाचे याची तजवीज संस्थान करते. श्रोत्याने यावे आणि ऐकावे.

एखाद्या जत्रेची रात्र जवळून पाहिली म्हणजे या व्यवस्थेचे मर्म ध्यानी येते. पालखीची प्रदक्षिणा संपते, दुकानांतील खाजे व मालवणी लाडू अर्धेअधिक संपलेले असतात, आणि देवळाच्या सभामंडपात एक बाकडे मांडले जाते. हे बाकडे हेच इंद्राचे सिंहासन, हीच कैलासाची शिळा, हाच द्वारकेचा महाल. याखेरीज नेपथ्य असे काही नाही. एका अंगास पायपेटी, मृदंग आणि झांज घेऊन तिघे बसतात. आतल्या बाजूस रंगपटात नट आपापले तोंड आपणच रंगवीत असतात, आणि त्याच वेळी मंडळाचा नाईक आजचे कथानक सांगून कोणी कोणती भूमिका करावयाची हे वाटून देत असतो. लिखित संहिता नसते. संवाद ज्याने त्याने रंगमंचावर उभ्या उभ्या रचावयाचे. आधी आडदसर होतो. ऋद्धिसिद्धींसह गणपती येतो, भटजी त्याची पूजा करतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि मग काळ्या पेहरावातील संकासुर उड्या मारीत मंडपात शिरतो. वेद चोरणारा हा असुर शुद्ध मालवणीत बोलतो. गावातल्या रस्त्याची दुर्दशा, सरपंचाचे वचन, कोणाच्या तरी लग्नातील मानपान, सर्व काही त्याच्या तावडीत सापडते. आणि विष्णूच्या हातून मरण्यापूर्वी त्याने गावाला स्वतःवर मनमुराद हसावयास लावलेले असते. त्यानंतर मध्यरात्रीच्या सुमारास आख्यानाला आरंभ होतो व झुंजुमुंजू होताना दहीहंडी फुटून खेळ समाप्त होतो.

आता या मंडपात बसलेल्या प्रेक्षकाचा विचार करावा. आख्यान त्याला बालपणापासून पाठ आहे. शेवटी कोण मरणार, कोणाचे वरदान कोणावर उलटणार, यात त्याला काडीचेही कुतूहल नाही. त्याने हे आख्यान चार मंडळांकडून, चार निरनिराळ्या राजांच्या तोंडून पाहिलेले आहे. म्हणूनच तो खऱ्या अर्थाने पाहू शकतो. राजपार्टी करणाऱ्याने पहिल्या प्रवेशातील स्वगत किती वेळ पेलले, पदाच्या शेवटी आवाज कसा सोडला, स्त्रीपार्टीने रागावताना पदराचे टोक कसे धरले, नारदाने पेचात सापडल्यावर कोणता दृष्टान्त काढला, युद्धाच्या नाचात पाय मृदंगाबरोबर पडले की मागे राहिले, या गोष्टींचा हिशेब तो ठेवीत असतो. दोन मुरलेले नट वादाला उभे राहिले व त्यांतील एकाने अनपेक्षित कोटिक्रम केला की पुढच्या रांगेतील एखादा म्हातारा उठतो आणि चालू प्रवेशात जाऊन त्या नटाच्या हाती बक्षीस ठेवतो; नट नमस्कार करतो, आणि संवाद जेथे थांबला होता तेथून पुढे चालू होतो. भरताने नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचे विवेचन करताना प्रेक्षकाचे गुण सांगितले आहेत, आणि प्रयोगाचा निवाडा करणारे जे जाणकार ते प्राश्निक, अशी त्यांची स्वतंत्र गणना केली आहे. त्या शास्त्राचे नावही न ऐकलेली, दिवसभर रापण ओढून आलेली माणसे हे प्राश्निकाचे काम या मंडपांतून निष्ठेने करीत आली आहेत, आणि या गोष्टीचे मूल्य आपल्या साहित्यसमीक्षेने अद्याप पुरतेपणी जाणलेले नाही.

सकाळ झाली म्हणजे या निवाड्याचा प्रसार सुरू होई. रात्रीचे नाटक पाहून आलेला माणूस होडीवर, नांगरावर, चहाच्या दुकानात, शाळेच्या ओट्यावर त्याचे वर्णन करी. अमक्याचा राजा उतरला, तमक्याच्या नव्या पोराने नारद छान केला, असे दहा गावांत पसरे. आणि ते मंडळ चार दिवसांनी जवळच्या वाडीत येई तेव्हा तेथील मंडळी काय पाहावयाचे हे मनाशी योजूनच बसलेली असत. सांगणाऱ्याचे कान आणि आवड ऐकणाऱ्याच्या परिचयाची होती. गाण्याचा षोकी कोण, विनोदावर भाळणारा कोण, शास्त्रार्थाचा भोक्ता कोण, हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे प्रत्येकाच्या शिफारशीला तिचे यथायोग्य वजन मिळे.

चित्रपट आला तोही या मुलखाच्या परिचयाची वस्त्रे लेऊनच आला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात मुंबईत झळकला, त्यात तारामती झाले होते ते अण्णा साळुंके. आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच वठविल्या. पौराणिक कथा आणि पुरुषाने केलेली स्त्रीपार्टी या दोहोंची या किनाऱ्याला पिढीजात सवय होती. तंबूतील फिरत्या सिनेमाने जत्रेच्या माळावरच आपले खांब रोवले, त्यामुळे निवडीचा प्रश्न पुन्हा जत्रेनेच सोडविला. तंबूवाल्याने जी रिळे आणली ती पाहावयाची. याच काळात घडलेली एक गोष्ट मात्र आवर्जून नोंदविली पाहिजे. वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून १९३८ पर्यंत अध्यापन करणाऱ्या वि. स. खांडेकरांनी तेथे असतानाच मास्टर विनायक यांच्या हंस पिक्चर्ससाठी १९३६ च्या 'छाया' या चित्रपटाची कथा लिहिली. ज्या गावाच्या एका बाजूस मिठागरे व दुसरीस माडांची बने, अशा गावी बसून एका शिक्षकाने साऱ्या महाराष्ट्राने काय पाहावे यात आपला वाटा उचलला. किनाऱ्याला बाहेरून येणारे पाहण्याची सवय होती. येथून बाहेर काही पाठविता येते याची ही पहिली मोठी खूण होय.

दुसरी खूण त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी उमटली. मालवणजवळच्या रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी यांनी गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आणले. एका खेड्यातील हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा खेळ बसवितात आणि तो ठायी ठायी कोसळत जातो, असे त्याचे कथानक; बोली मालवणी. आरंभी त्याला गर्दी जमेना. नंतर पु. ल. देशपांडे यांनी ते पाहिले, मुक्तकंठाने वाखाणले, त्यांचा अभिप्राय सर्वतोमुखी झाला, आणि ज्या नाटकाकडे मुंबईचा प्रेक्षक फिरकत नव्हता त्याची नाट्यगृहे भरू लागली. पुढे त्याचे ५००० हून अधिक प्रयोग झाले. नाटक तेच होते, नट तेच होते, बोलीही तीच होती. ज्याच्या रसिकतेवर लक्षावधी माणसांचा विश्वास होता अशा एका माणसाने 'हे पाहा' म्हटले, एवढेच काय ते घडले. जत्रेतून परतलेल्या जाणकाराने होडीवर बसून जे करावे तेच पुलंनी शहराच्या प्रमाणावर केले, असे मी समजतो.

दूरदर्शनची हकिकत सर्वांच्या स्मरणात आहे, तेव्हा तिचा विस्तार करीत नाही. एकच वाहिनी असल्यामुळे निवड दिल्ली व मुंबईतील अधिकाऱ्यांकडे गेली होती. तथापि १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' आणि पाठोपाठ १९८८ मध्ये 'महाभारत' सुरू झाले तेव्हा वाडीतील ज्या घरी संच असेल त्या घरच्या पडवीत सारी वाडी जमे, व राम कसा बोलला याची चर्चा दशावताराच्या मापांनीच होई. गणपतीस गावी आलेले चाकरमानी व्हिडिओ भाड्याने आणीत आणि एका रात्रीत तीन-तीन चित्रपट लावीत. त्यांतील कोणते हे घरातील कर्ती माणसे व गल्ला करणारा दुकानदार मिळून ठरवीत. केबल आली, खासगी मराठी वाहिन्या आल्या, आणि निवड गावाकडून वाडीकडे, वाडीकडून घराकडे उतरत गेली. २०१६ साली सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील वाड्यात चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली, तेव्हा कोकणाचे हे भुताखेतांचे चित्र यथार्थ आहे काय, यावर जिल्ह्यात मोठा खल झाला, निषेधही नोंदविले गेले. मला त्या वादातील एका गोष्टीचे महत्त्व वाटते: सारा जिल्हा एकच गोष्ट एकाच रात्री पाहत होता, म्हणून तिच्याविषयी भांडू शकला.

त्याच वर्षी निवडीचे अखेरचे स्थलांतर झाले. नेटफ्लिक्स भारतात आले ते २०१६ च्या जानेवारीत, प्राइम व्हिडिओ त्याच वर्षाच्या डिसेंबरात. आणि मधल्या सप्टेंबरात जिओच्या स्वस्त इंटरनेटने खेड्यापाड्यांतील मोबाइल या मांडवात आणून बसविले. निवड घराकडून हाताकडे आली, आणि एकाच खोलीतील चार माणसे चार निरनिराळे खेळ पाहू लागली. या कंपन्यांना निवडीचे संकट ठाऊक नव्हते असे नाही. नेटफ्लिक्स टपालाने चकत्या पाठवीत असे त्या काळात, २००६ मध्ये, तिने जाहीर केले की ग्राहकाला कोणता चित्रपट किती आवडेल याचे आमचे भाकीत जो १० टक्क्यांनी सुधारून देईल त्यास १० लाख डॉलरचे पारितोषिक मिळेल. २००९ मध्ये ते एका संघाने जिंकले, पण ती विजयी रीत समग्रपणे वापरात आली नाही. पुढे २०२१ मध्ये त्याच कंपनीने एक कळ आणली, जी दाबली असता ग्राहकाने काही न निवडता कंपनीच त्याच्यासाठी काही तरी लावून देई. दोन वर्षांच्या आत ती काढून टाकण्यात आली. निवडीचा भार दुसऱ्याने उचलावा ही माणसाची इच्छा त्या कळीच्या मागे होती, आणि ती इच्छा खरीच आहे. परंतु तो भार उचलणाऱ्याचा अधिकार मान्य असावा लागतो. तिथीचा अधिकार मान्य होता, कौलाचा होता, मानकऱ्याचा होता, होडीवरील जाणकाराचाही होता. यंत्राने केलेली निवड ही आपण काल काय पाहिले याच्या बेरजेवरून होत असते. काल थकल्यामुळे काही तरी हलके पाहिले तर आजही तेच हलके पुढे येते, आणि माणसाला जे ठाऊकच नाही त्याची ओळख करून देण्याचे काम, जे संकासुरापासून पुलंपर्यंत सर्वांनी केले, ते मागे पडते.

याचे एक उदाहरण या जिल्ह्याच्या अगदी जिव्हाळ्याचे आहे. अभिजीत मोहन वारंग यांचा 'पिकासो' हा मराठी चित्रपट १९ मार्च २०२१ रोजी चित्रपटगृहात न जाता थेट प्राइम व्हिडिओवर प्रदर्शित झाला. त्याचा विषय दशावतार. चित्रकलेत पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलाला शुल्कासाठी थोडे पैसे हवे आहेत, आणि बाप, प्रसाद ओक यांनी साकारलेला दशावतारी नट, व्यसनाने मोडून पडला आहे; रात्रीच्या खेळासाठी तो तोंडाला रंग लावावयास बसतो, आणि ज्या हाताने काही धरवत नव्हते तोच हात हळूहळू स्थिर होत राजाचा चेहरा उभा करतो. सव्वा तासाच्या या कृतीत दशावताराचा मंडप, त्यातील गाणे, रंगपटातील दैन्य आणि रंगमंचावरील वैभव ही सारी इतक्या संयमाने आली आहेत की राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. हे सर्व त्या सेवेवर उपलब्ध आहे. परंतु शोधण्याच्या चौकटीत नाव लिहावयाचे तर नाव ठाऊक असावे लागते, आणि एका स्पॅनिश चित्रकाराच्या नावावरून कुडाळच्या मंडपाचा अंदाज कोणास येणार? हजारो शीर्षकांच्या त्या भांडारात हा चित्रपट ज्यांना सापडला त्यांतील पुष्कळांना तो कोणा तरी परिचिताने 'अरे, ह्यो बघ, आपल्या दशावताराचो आसा' असे सांगितल्यामुळेच सापडला असणार, याविषयी मला संशय नाही.

करोनाच्या दोन वर्षांत जत्रांवर निर्बंध आले. कित्येक देवस्थानांत मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत धार्मिक विधी उरकले गेले, आणि रात्रीच्या बिदागीवर संसार चालविणाऱ्या नटांची हलाखी झाली. त्याच दिवसांत याच जिल्ह्यात इंटरनेटच्या रेंजसाठी डोंगरावर झोपडी घालून शिकणाऱ्या विद्यार्थिनीचे वृत्त देशभर गेले, यावरून हे नवे माध्यम तेव्हा किती गावांत कितपत पोहोचले होते याची कल्पना यावी. तरीही मंडळांनी मोबाइलच्या पडद्याचा आश्रय केला. आज संपूर्ण आख्याने, तीन-तीन तासांची, यूट्यूबवर आहेत. मुंबईच्या चाळीतील, आखाती देशांतील नोकरदार मालवणी माणूस ती रात्री लावतो. येथे एक गोष्ट विलक्षण घडली आहे. हा प्रेक्षक यंत्राने पुढे केलेल्या चित्रांच्या रांगेत भटकत नाही. तो मंडळाचे नाव लिहितो, राजाचे नाव लिहितो, आणि मग चित्रफितीखाली वाद घालतो की अमक्या नटाने हाच प्रवेश गेल्या वर्षी दुसऱ्या गावच्या जत्रेत अधिक चांगला केला होता. जुन्या प्राश्निकाची सर्व मापे त्याने बरोबर नेली आहेत.

प्रत्यक्ष रंगमंचावरही प्रेक्षकाच्या निवडीने नवे रूप धारण केले आहे. एका मंडळाचा राजा, दुसऱ्याची स्त्रीपार्टी, तिसऱ्याचा खलनायक असे निवडून एका रात्रीपुरते एकत्र आणलेले 'संयुक्त दशावतार' आता ठिकठिकाणी होतात. आणि राक्षसाच्या मुखातून धूर काढणारे, देवाला अधांतरी प्रकट करणारे 'ट्रिकसीनयुक्त' प्रयोगही तरुणांना ओढून आणतात. जुने जाणते यावर रुष्ट आहेत. ट्रिकसीनमुळे वादसंवादाचा वेळ खाल्ला जातो ही त्यांची तक्रार मला सर्वस्वी रास्त वाटते. संयुक्त प्रयोगांविषयी मात्र माझे मत निराळे आहे, कारण दोन मंडळांचे मुरलेले नट, एकमेकांच्या युक्तिवादांची सवय नसलेले, जेव्हा एका बाकड्यासमोर उभे ठाकतात, तेव्हा त्या संहिताहीन संवादाची जी परीक्षा होते ती एरवी होत नाही, आणि तिचा निकाल देण्यासाठी मंडप पहाटेपर्यंत जागा राहतो.

जत्रांच्या हंगामात सध्या रोज दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवरून एक यादी जिल्हाभर फिरते. मंडळाचे नाव, गाव, देवस्थान अथवा नवस करणाऱ्याचे घर, खेळाची वेळ, आणि जाहीर झाले असेल तर आख्यानाचे शीर्षक, असा तिचा मजकूर असतो. बांद्यापासून देवगडपर्यंत, आणि तेरेखोल ओलांडून पेडण्यापर्यंत, एका रात्रीत पंधरा-वीस खेळ असले तरी यादी वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. तो बोट खाली सरकवीत आपल्या टापूपाशी थांबतो, मोटारसायकलने गाठता येतील अशी दोन गावे हेरतो, आणि त्यांपैकी एका गावातल्या मेहुण्याला अथवा मित्राला फोन लावून विचारतो की राजा कोण येणार आहे, आणि गेल्या खेपेस त्याचा आवाज कसा लागला होता.